जिन्यातले चौदा वाचक

माझ्या कवितांना दिवसाला चौदा वाचक होते. बारा दिवस होते. फुशारकी मारत नाही. छापील पुरावा आहे, तारीख-वेळेसकट, आणि त्याच्या तळाशी माझी सहीही आहे. सही कशाखाली केली ते पुढे येईलच. सांगायला जिवावर येतं, पण येईल.

आधी खुलासा करतो की मी कवी नाही. सत्तावीस वर्षं मी ग्रंथालयात पुस्तकांना बारकोडची पट्टी लावण्याचं काम केलं. मागचं पान, उजवा कोपरा, कडेपासून दोन बोटं आत. कुणी पुस्तक लिहितो, कुणी वाचतो. या दोघांच्या मधे उभ्या रेघा चिकटवणारा जो तिसरा असतो, तो मी. कविता म्हणाल तर त्या मी करत नाही, त्या होतात. आईच्या पाळण्याची चाल कानात बसलेली आहे, तिच्यावर दोन ओळी आपसूक झुलायला लागतात. तिसरीपर्यंत माझा दम सहसा पुरत नाही.

पूर्वी त्या दोन ओळी मी बायकोला ऐकवायचो. तिला त्या आवडत असाव्यात, किंवा माझं तोंड बंद होण्याची वाट पाहण्याची ती तिची पद्धत असावी. तिला जाऊन आता दोन वर्षं होतील. मग काही दिवस मी फ्रिजला ऐकवल्या. फ्रिज चांगला श्रोता आहे, पण ऐन यमकाच्या जागी गुरगुरतो. एके दिवशी सकाळी त्याच्यासमोर उभा राहून मी चक्क म्हणालो, "पुन्हा म्हणू का?" आणि स्वतःचीच भीती वाटली. त्या दिवशी ठरवलं, हे जिवंत माणसापर्यंत गेलं पाहिजे. एकाच माणसानं वाचावं, दुसरा नको. पण वाचावं.

आमची इमारत सहा मजल्यांची. मी दुसऱ्यावर. तळमजल्यावर जिन्याशेजारी सूचनाफलक आहे. म्हटलं, तिथे एक कागद लावावा. कागदावर होतं:

पायरी बाई पायरी, किती पावलं मोजशी
वर गेलेल्या पावलाची वाट कुठवर बघशी?

सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. "यात सूचना कुठे आहे?"

"सूचना नाही. दोन ओळी आहेत."

"फलक सूचनांचा आहे. पाणी येणार नाही, ही सूचना. लिफ्ट बंद आहे, ही सूचना. पायरीला विचारताय तुम्ही. पायरी काय सांगणार?"

तरीही माणूस भला. त्यांनी अर्जाचा नमुना दिला. कागद तळहातापेक्षा मोठा असेल तर समितीची मंजुरी, तळहाताएवढा असेल तर नुसती सेक्रेटरींची. कुणाचा तळहात, असं मी विचारलं, कारण नियम म्हटला की मला त्याची कडा सापडल्याशिवाय चैन पडत नाही. "माझाच धरा," म्हणाले. तेव्हा त्यांचा हात कागदावर ठेवून मी पेन्सिलीनं त्याभोवती रेघ काढून घेतली. सेक्रेटरींचा हात फार लहान निघाला. माझ्या दोन ओळी त्यात मावेनात, आणि मावल्या असत्या तर मुंगीनं वाचल्या असत्या. शिवाय अर्जात 'मजकुराचे प्रयोजन' असा रकाना होता. मी लिहिलं, 'वाचावे.' सेक्रेटरींनी ते खोडलं. "वाचावे हे प्रयोजन होत नाही हो, काका."

शनिवारी माझ्या भाचीचा फोन येतो. लांब राहते, कामात असते, तरी शनिवार चुकवत नाही. तिला हे सांगितलं, तर पोटभर हसून म्हणाली, "मामा, चौकोन लावा ना! क्यूआर. तळहाताचा काय, बोटाचाही मावेल. कुणी फोन धरला की तुमच्या ओळी उघडतील. आणि ओळी रोज बदला हवं तर, चौकोन तोच राहील."

आता मी रेघांचा माणूस, चौकोनाशी माझा संबंध नव्हता. उभ्या रेघांची गोष्ट मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांनी सांगितली होती. एक माणूस समुद्रकाठी वाळूत बसला होता. डोक्यात तारायंत्राच्या कडकट्टाची भाषा, ठिपके आणि आडव्या छोट्या रेघा. त्यानं सहज चार बोटं वाळूत रोवली आणि स्वतःकडे ओढली. ठिपका ओढला गेला, त्याची बारीक उभी रेघ झाली. आडव्या रेघेची जाड झाली. झाला बारकोड. ही गोष्ट ऐकल्यापासून प्रत्येक पुस्तकावर पट्टी लावताना मला बोटांना वाळू लागल्यासारखी वाटायची. वरिष्ठांना हे सांगितलं नाही. त्यांनी मला दुसऱ्या विभागात पाठवलं असतं.

चौकोनाची गोष्ट भाचीनं सांगितली. गाड्यांचे सुटे भाग करणारा एक कारखाना होता, तिथे एकेका खोक्यावर दहा-दहा रेघापट्ट्या, आणि त्या वाचून वाचून कामगारांचे हात दुखायचे. तिथला एक इंजिनीअर जेवणाच्या सुट्टीत काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ खेळायचा. पटाकडे बघता बघता त्याला वाटलं, रेघा कशाला, हे ठिपकेच बोलतील की! मग तीन कोपऱ्यांना तीन डोळे दिले, म्हणजे चौकोन उलटा धरला तरी वर कुठे नि खाली कुठे ते कॅमेऱ्याला कळावं. ते डोळे दुसऱ्या कशाशी घोळू नयेत म्हणून त्यानं ढीगभर छापील कागद धुंडाळले, आणि काळ्या-पांढऱ्याचं जे प्रमाण छपाईत सगळ्यात कमी सापडतं, तेच त्या डोळ्यांना दिलं. शिवाय चौकोनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा पुसला गेला तरी उरलेल्यातून सगळं वाचता येईल अशी सोय करता येते. हे ऐकून मी फोनवर गप्प झालो. भाची म्हणाली, "मामा, आहात ना?" म्हटलं, "आहे. दोन हिस्से."

तिनं चौकोन करून पाठवला. कोपऱ्यावरच्या दुकानात मी तो छापून आणला आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीनं कात्रीनं कडा नीट साफ केल्या. चौकोन आणि कागद एकाच रेषेत, पांढरं एक सूतभरही नाही. माझ्या वरिष्ठांनी पाठ थोपटली असती. पण फोन काही केल्या तो वाचेना. दिव्याखाली धरला, खिडकीत धरला, स्टुलावर चढून धरला. शेवटी भाचीला विचारलं.

"मामा, तुम्ही कोरी कड कापलीत?"

"फालतू कागद होता, कापला."

"तो फालतू नसतो! भोवती रिकामी जागा लागतेच. त्याशिवाय त्याला स्वतः कुठे संपतो ते कळत नाही."

रिकाम्या जागेचं म्हणाल तर माझ्या घरात ती हवी तेवढी होती. पण चौकोनाभोवती ठेवायला विसरलो होतो. पुन्हा छापला.

तो घेऊन सेक्रेटरींकडे गेलो. यावेळी मी मनाशी सगळी बाजू तयार करून गेलो होतो: साहित्य, समाज, दोन ओळींना किती जागा लागते वगैरे. सेक्रेटरींनी चौकोनाकडे पाहिलं, हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "तांत्रिक दिसतंय," म्हणाले आणि सही ठोकली. आत काय आहे हे विचारलंही नाही. तांत्रिक गोष्टी विजेच्या पेटीजवळ लावायच्या असा नियम आहे, तेव्हा तिथे लावा, एवढंच. कवितेला मिळत नाही तेवढी सोपी परवानगी काळ्या ठिपक्यांना मिळते, हे मला त्या दिवशी कळलं.

तर असा माझा चौकोन तळमजल्यावर विजेच्या पेटीशेजारी लागला. पेटीच्या दारावर आधीच कसलातरी जुना, उडालेला स्टिकर होता. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. कवी झाल्यावर माणूस शेजाऱ्याकडे लक्ष देत नाही.

भाचीनं एक मोजणीही जोडून दिली होती. कुणी कधी वाचलं, दिवस, तास, मिनिट. पहिल्या दिवशी शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. मी शून्याकडे दर तासानं बघायचो. एरवी तो गोल असतो, पण असं बघितलं की त्याला तोंड फुटतं आणि तो जांभई देतो.

चौथ्या दिवशी इमारतीच्या फोन-ग्रुपवर संदेश आला. तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. प्रत्येक वाक्य ते 'तसं नाही' म्हणून सुरू करतात, त्यामुळे त्यांचं नावच तसंनाही पडलं आहे. त्यांनी लिहिलं होतं: "तसं नाही, पण तळमजल्यावर अज्ञात व्यक्तीने एक चौकोन चिकटवला आहे. कोणीही फोन लावू नये. माझ्या साडूच्या ओळखीच्या एकाचा फोन असाच रिकामा झाला. सावध राहा." खाली बावीस जणांनी हात जोडले होते.

आता मी काय करायचं होतं? 'ती अज्ञात व्यक्ती मी आहे आणि आत पायरीशी बोललेलो आहे' असं लिहायचं होतं? मीही हात जोडले. वर लिहिलं, "आभारी आहे. असे लोक इमारतीत शिरतात तरी कसे?"

पण पाचव्या दिवशी मोजणीत एक आकडा उमटला. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. दुपारी तीन पन्नासला आणखी एक. सहाव्या दिवशी पुन्हा नऊ दहा, पुन्हा तीन पन्नास.

तसंनाहीच्या इशाऱ्यानंतर, बावीस जोडलेल्या हातांना न जुमानता, कुणीतरी रोज दोनदा माझ्या ओळीपाशी थांबत होतं! मी भाचीला फोन केला, शनिवार नसताना. म्हटलं, आणखी सहा चौकोन हवेत, मजल्याला एक. ती म्हणाली, "मामा, जरा दमानं." मी ऐकलं नाही. सेक्रेटरींनी सहाही अर्जांवर 'तांत्रिक' लिहून सह्या केल्या.

सात चौकोन लागले आणि मोजणीचा आकडा चौदा झाला. रोज चौदा. सकाळी नऊ दहाला तळमजला, नऊ सतराला पहिला, मग दुसरा, असं करत करत नऊ पन्नासला सहावा. दुपारी उलटं, सहाव्यापासून खाली. माझा वाचक जिना चढत चढत वाचत होता! प्रत्येक मजल्यावर सहा-सात मिनिटं. दोन ओळींना सात मिनिटं! असा वाचक मोठ्या मोठ्या लेखकांच्या वाट्याला येत नसेल. मी रोज पाच मजल्यांवरच्या ओळी बदलायला लागलो. तळमजल्याची पायरी तशीच ठेवली, आणि सहाव्या मजल्यावरच्या ओळींना हात लावला नाही. त्या जुन्या होत्या, बायको गेल्यानंतरच्या पहिल्या, आणि एरवी कधी होत नाही ते तिथे झालं होतं, दम तिसऱ्या ओळीपर्यंत पुरला होता.

वाचक कोण हे बघायचा मोह मी निग्रहानं टाळला. वाचकाला चोरून बघणं असभ्य आहे. नऊच्या ठोक्याला मी दार लावून आत बसायचो, दाढी करून, स्वच्छ सदरा घालून. नऊ चोवीसला माझ्या दाराबाहेर कुणीतरी थांबलेलं असायचं आणि मी आत श्वास रोखून. दोघांच्या मधे दीड इंच लाकूड. दोन वर्षांत इतकं जवळ कुणी आलं नव्हतं.

फक्त एक गोष्ट खटकायची. नेमक्या त्याच वेळी जिन्यात बादली आपटायची. जिना पुसणाऱ्या मावशींची वेळही तीच. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान असतील, पण मी त्यांना मावशी म्हणतो, त्या मला काका. हे नातं कुठल्या वंशावळीत बसतं कोण जाणे. माझा वाचक ओळ वाचतोय आणि शेजारी ही खणखण! शेवटी एके दिवशी संध्याकाळी मी त्यांना गाठलं.

"मावशी, सकाळी जरा अर्धा तास उशिरा याल का? त्या वेळी जिन्यात... लोक वाचत असतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रिकाम्या जिन्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या साडेनऊला आल्या. आणि माझा वाचकही नऊ चाळीसला आला! मी मोजणीकडे बघून हळहळलो. बिचारा. नेमका बादलीबरोबरच यायचा योग त्याच्या नशिबी.

तुम्हाला कळलं असेल. तुमची पाठ कुणी थोपटणार नाही, कारण भाचीलाही कळलं होतं आणि ती बोलली नव्हती. मला मात्र त्या सोमवारी कळलं.

त्या सोमवारी सकाळी दाराबाहेर बादली आपटली नाही. आवाज चढले. सफाई कंपनीचा सुपरवायझर आला होता, हातात फाईल. सोबत आमचे सेक्रेटरी, आणि आवाज ऐकून वरून उतरलेले तसंनाही. मी दाराला कान लावला.

"बारा दिवस," सुपरवायझर म्हणत होता. "बारा दिवस एकाही मजल्याची नोंद नाही तुमची. तुम्ही आलाच नाहीत, असं दिसतंय. मला तुमच्या जागी दुसरं माणूस द्यावं लागणार."

"आले नाही कशी? जिना बघा की! आरशासारखा आहे."

"जिना कोण बघतं? नोंद बघतात. प्रत्येक मजल्यावर चौकोनाला फोन लावायचा असतो ना?"

"लावला ना! तुम्हीच म्हणालात, जुने उडालेत, या महिन्यात नवे येतील, नवे लावायचे. दोन आठवडे झाले नव्यांना. हे बघा." फोन धरल्याचा आवाज. "हे उघडलं. आधी हिरवी खूण यायची आणि 'धन्यवाद' यायचं. आता हे येतं. मला वाटलं कंपनी सुधारली."

सुपरवायझरनं वाचलं. माझ्या ओळी कुणीतरी मोठ्यानं वाचण्याची आयुष्यातली पहिली वेळ ती. आरोपपत्र वाचावं तसं तो वाचत होता. "खिडकीतल्या उन्हा, थांब ना रे जरासा. फरशीवर तुझा सोन्याचा कवडसा." थांबला. "हे काय आहे?"

"मला वाटलं फरशीबद्दल आहे. म्हणून आज त्या खिडकीखालचा तुकडा मी सगळ्यात शेवटी ठेवला. उन्हाला थांब म्हटलंय ना त्यात."

"आणि बाकीच्या मजल्यांवर?"

"खाली पायऱ्या मोजायला सांगितल्यात. मोजल्या मी. एका जिन्याला एकोणीस, सगळ्या मिळून एकशे चौदा. कुणी विचारलंच नाही नंतर."

तसंनाही म्हणाले, "तसं नाही, ही फसवणूक आहे. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कुणीतरी या बाईंना वापरून घेतंय."

दाराच्या अलीकडे मी उभा होतो, दाढी करून, स्वच्छ सदरा घालून. खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, नको उघडू. मग हे लोक जातील. चौकोन कुणीतरी काढेल, कुणाचे ते कधी कळणार नाही, आणि चौदा वाचकांचे ते बारा दिवस माझे माझ्याकडे राहतील. बाहेर मावशी म्हणाल्या, "दुसऱ्या जागी नका पाठवू, साहेब. मुलीची शाळा इथून जवळ आहे. मी रोज आले हो." त्यांचा आवाज जिन्यात वरपर्यंत गेला आणि कुठलंच दार उघडलं नाही. मीही एक बंद दारच होतो.

मी कडी काढली.

"ते चौकोन माझे आहेत," मी म्हणालो.

सगळे वळले. सेक्रेटरी म्हणाले, "पण तुम्ही तर तांत्रिक म्हणाला होतात!" मी तसं म्हणालो नव्हतो, पण ती वेळ ते सिद्ध करण्याची नव्हती. तसंनाहींच्या चेहऱ्यावर, अज्ञात व्यक्ती सापडल्याचा आनंद आणि तिच्या 'आभारी आहे'ला आपण हसरा चेहरा पाठवल्याचं दुःख, दोन्ही एकदम होतं. मावशींनी फक्त विचारलं, "म्हणजे कंपनीचं नव्हतं ते?"

"नाही. माझं होतं."

"सगळं?"

"सगळं."

त्या फडका बादलीत बुडवून पिळत राहिल्या, पिळून झाल्यावरही.

दुसऱ्या दिवशी आम्हाला कंपनीच्या कार्यालयात बोलावलं. एक खोली, दोन टेबलं, भिंतीला झाडूंचे नमुने. मी भाचीकडून मोजणीचा छापील तक्ता करून आणला होता. बारा कामाचे दिवस, दिवसाला चौदा, मजल्यानुसार, मिनिटासकट. मी तो टेबलावर ठेवला आणि माझा सगळा वाचकवर्ग सुपरवायझरकडे सरकवला.

त्यानं एकेक ओळीवर बोट फिरवलं. "हे चालेल," म्हणाला. "वेळा जुळतात. फक्त एक घोषणा लागेल, चौकोन तुमचा आहे म्हणून." त्यानं छापील कागद काढला आणि रिकाम्या जागा भरायला लागला. मधेच थांबला. "एक अडचण आहे. हे पान उघडल्यावर मजकूर येतो. उद्या वरून विचारतील, बाई कामाच्या वेळात वाचत बसल्या होत्या का? एका मजल्यावर सात मिनिटं लागलेली दिसतात. वाचन धरलं तर तेवढा वेळ कापला जाईल आणि हजेरी अर्धीच लागेल."

"सात मिनिटं पुसायला लागतात," मावशी म्हणाल्या.

"तेच. तेच यांनी लिहून द्यावं." त्यानं कागद माझ्याकडे फिरवला. "लिहा. 'वरील सर्व नोंदी सफाईच्या असून, सदर मजकुराचे कोणीही वाचन केलेले नाही.'"

मी लेखणी घेतली. सत्तावीस वर्षांत मी कितीतरी घोषणा लिहिल्या असतील. गहाळ पुस्तकांच्या, फाटलेल्या पानांच्या. पण इतकं लहान वाक्य लिहायला मला इतका वेळ लागला नव्हता. 'कोणीही' लिहिलं. थांबलो. 'वाचन' लिहिलं. समोर मावशी बसल्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळून, आणि माझ्या लेखणीकडे बघत होत्या. 'केलेले नाही' लिहिलं आणि सही केली.

सुपरवायझरनं बेरीज लावली. "बारा गुणिले चौदा, एकशे अडुसष्ट. तक्त्यात मात्र एकशे एकोणसत्तर आहेत."

"चुकून झालं असेल," मी म्हणालो.

"चुकून चालत नाही. ही बघा. मधल्या रविवारी सकाळी अकरा वाजता, सहावा मजला. रविवारी तर सुट्टी असते. ही नोंद कुणाची?"

मला ठाऊक नव्हतं. रविवारी वाचकालाही सुट्टी असेल असं धरून मी मोजणी बघितलीच नव्हती.

"माझी," मावशी म्हणाल्या.

"सुट्टीच्या दिवशी? त्या रविवारी लिफ्टही बंद होती तुमच्या इमारतीत. सहा मजले चढून गेलात?"

"हो."

"कशाला?"

"असंच."

"असंच कसं? कारण लिहावं लागतं. हजेरी म्हणून धरता येणार नाही ही. सुट्टीची आहे, सफाई नव्हती."

"नका धरू," मावशी म्हणाल्या.

सुपरवायझरनं तक्ता पुन्हा माझ्याकडे फिरवला. "मग ही वेगळी काढा. शेऱ्यात लिहा, ही सफाईची नोंद नाही. आणि कसली आहे, तेही लिहा. रकाना रिकामा ठेवता येत नाही."

मी मावशींकडे पाहिलं. त्या भिंतीवरचे झाडू बघत होत्या. एकशे एकोणसत्तराव्या ओळीसमोर मी लिहिलं, 'वाचन.'

परत येताना आम्ही दोघं एकाच रस्त्यानं चालत होतो, पण बरोबर नव्हे. त्या दोन पावलं पुढे. हजेरी पूर्ण लागली होती. चौकोन त्याच दुपारी काढायचे होते, आणि चिकटवलेलं खरवडणं हेही त्यांचंच काम होतं.

"डिंक कुठला लावलात?" त्यांनी मागे न बघता विचारलं. "कालपासून एक कोपराही सुटत नाही."

"ग्रंथालयाचा. शिल्लक होता."

कोपऱ्यावरचं दुकान मागे पडलं.

"त्या सहाव्या मजल्यावरचं," त्या म्हणाल्या, "एवढं रोज बदलता, तेच एक बदललं नाहीत."

"नाही."

"बरं आहे ते. पण शेवटची ओळ काढा. कपाला कशाला सांगायचं ते?"

यावर उत्तर द्यायला हवं होतं. माझ्या ओळीला कुणी नाव ठेवण्याचीही आयुष्यातली ती पहिलीच वेळ, आणि अशा वेळी माणसानं थोडं रागवायला हवं. मी तयारीही करत होतो, पण तोवर त्या रस्ता ओलांडून गेल्या होत्या. कामावर उशीर झाला होता.

घरी येऊन मी वही उघडली. सहावा मजला.

कोरड्या कपावर धूळ बसे हळुवार
रोज पुसून ठेवतो, कुणी येणार येणार
येणार नाही कुणी, कपा, एवढं तू जाण

पुन्हा वाचलं. बाहेर जिन्यात, अगदी वर, पत्र्यानं काहीतरी खरवडल्याचा आवाज सुरू झाला होता. सहाव्या मजल्यापासून खाली येत होता, नेहमीप्रमाणे.

मी पेन्सिल घेतली आणि शेवटची ओळ खोडली. कपाला सांगितलं नाही.